जुन्या मोटारगाडीतील विद्युत शीतनपंखा : निदान व देखभाल

विद्युत शीतनपंखा हा मोटारगाडीच्या रेडिएटरमधून हवा खेचून इंजिनातील पाण्याची उष्णता बाहेर टाकणारा, बॅटरीच्या विजेवर चालणारा पंखा होय. गॅरेजच्या भाषेत त्याला 'रेडिएटर फॅन' किंवा नुसते 'फॅन' म्हणतात. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवण्यास पुरेसा असतो. गाडी उभी असताना, गर्दीत रांगत असताना किंवा घाट चढताना मात्र इंजिनाची सुरक्षितता या पंख्यावर अवलंबून असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेश प्रदेशात मे महिन्यात तापमान अनेकदा ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यामुळे हिवाळ्यात कुणाच्या लक्षात न आलेला पंख्याचा अशक्तपणा तेथे उन्हाळ्यात उघड होतो. प्रस्तुत लेख मुख्यतः सन २००० च्या आसपास आणि त्यापूर्वी बनलेल्या लहान गाड्यांतील पंख्याविषयी आहे.

पार्श्वभूमी

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असे. क्रँकशाफ्टची पुली रेडिएटरच्या समोर येत असल्याने पंखा पट्ट्याने फिरवणे सोपे होते. इंजिन चालू झाले की पंखाही चालू होई. पट्टा तुटला नाही तर तक्रारीला जागा नसे. पण हिवाळ्याच्या पहाटेही पंखा फिरतच राही आणि इंजिनाची थोडी शक्ती विनाकारण खाई.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन आडवे बसवलेले होते. अशा मांडणीत पुलीचे तोंड गाडीच्या बाजूकडे असते आणि रेडिएटरचे समोर, त्यामुळे पट्ट्याने पंखा फिरवणे गैरसोयीचे ठरते. यावर विजेच्या मोटारीचा पंखा हा सरळ उपाय होता. पुढे मारुतीच्या इतर लहान गाड्या, १९९८ च्या अखेरीस आलेली टाटा इंडिका आणि तिच्या समकालीन गाड्या याच वाटेने गेल्या. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तरी एमएच-१९ आणि एमएच-१८ या क्रमांकांच्या, पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून घेतलेल्या अनेक छोट्या गाड्या आजही जळगाव-धुळ्याच्या गावांतून चालतात. त्यांच्या पंख्याची मोटार, तारा आणि स्विच हे सारे तितकेच वयस्कर असते, ही गोष्ट निदानात प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

रचना व कार्य

पंख्याच्या विद्युतमंडलाची कल्पना साखळीसारखी करता येते. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून मोटार आणि मोटारीपासून गाडीच्या सांगाड्यातून अर्थिंगने परत बॅटरी, असा हा प्रवाहमार्ग आहे. पंख्याने कधी चालू व्हायचे हे ठरवणारा उष्णता-स्विच इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. बहुतेक जुन्या गाड्यांत पाणी ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान पोहोचले की हा स्विच जुळतो आणि पाणी पाच-सात अंशांनी उतरले की सुटतो. म्हणून निरोगी गाडीत पंखा सतत चालत नाही. चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. काही जुन्या गाड्यांत रिले नसे आणि मोटारीचा सगळा प्रवाह या स्विचमधूनच जाई. अशा स्विचचे संपर्कबिंदू लवकर जळतात.

उष्णता-स्विच आणि थर्मोस्टॅट यांची गल्लत पुष्कळदा होते. थर्मोस्टॅट ही विजेशी संबंध नसलेली, मेणाच्या प्रसरणाने उघडणारी झडप आहे. इंजिनातील पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की ती पाण्याला रेडिएटरचा मार्ग मोकळा करते. आधी ती उघडते, रेडिएटर गरम होतो, आणि मगच पंख्याची पाळी येते.

मोटार स्वतः स्थायी चुंबकाची, एकदिश प्रवाहावर चालणारी असते. पत्र्याच्या नळकांड्यात आतून चुंबक चिकटवलेले असतात. मध्ये तांब्याच्या तारा गुंडाळलेले आर्मेचर फिरते. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर, म्हणजे दिक्परिवर्तक, असतो आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेले दोन किंवा चार कार्बन घासत राहतात. लहान गाडीतील अशी मोटार साधारण १०० वॅट शक्तीची, म्हणजे ८ ते १० ॲम्पिअर प्रवाह घेणारी असते. सुरू होतानाच्या क्षणी ती याच्या काही पट प्रवाह मागते.

खानदेशातील उन्हाळा आणि पंखा

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आहे असे धरू. जानेवारीच्या पहाटे हवा १० अंश असेल तर हा फरक ८५ अंशांचा होतो. मेच्या दुपारी हवा ४५ अंश असेल तर तो ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच पंखा उन्हाळ्यात हिवाळ्याच्या सुमारे सहा-दशांश उष्णताच बाहेर टाकू शकतो. वातानुकूलन चालू असेल तर कंडेन्सरवरून येणारी हवा आणखी तापलेली असते व हा फरक अधिकच आक्रसतो. कार्बन झिजल्यामुळे मंदावलेला पंखा दिवाळीच्या प्रवासात कुणाला जाणवत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावयांना घेऊन निघालेली गाडी तोच पंखा घेऊन रस्त्यात उकळते. मोटारीत त्या दिवशी काही नवे बिघडलेले नसते.

प्रदेशाचे आणखी दोन गुण येथे नोंदवले पाहिजेत. एक म्हणजे कापूस आणि धूळ. सरकी काढण्याच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात उडणारा कापसाचा पिंजर आणि शेतरस्त्यांवरची माती रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत अडकून नमद्यासारखा थर जमतो. दुसरे म्हणजे बोअरचे क्षारयुक्त पाणी. तापी खोऱ्यातील अनेक गावांत ते जड असते. रेडिएटरमध्ये वारंवार तेच ओतल्यास चहाच्या भांड्यात बसतो तसा पांढरा थर नळ्यांत आतून बसतो. बाहेरून पिंजर आणि आतून क्षार अशा रेडिएटरमागे नवीकोरी मोटार बसवली तरी गाडी तापतच राहते, आणि दोष मात्र मोटारीच्या माथी येतो.

रस्तेही पंख्याची परीक्षा घेणारे आहेत. धुळे शहरात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. साक्रीपुढचा कोंडाईबारी घाट, शिरपूरपलीकडचा बिजासन घाट आणि चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा औट्रम घाट येथे लहान गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. इंजिन पूर्ण कष्टात आणि समोरून वारा जवळजवळ नाही, अशी ही स्थिती असते.

निदान

पहिला प्रश्न गाडीला नव्हे, चालकाला विचारायचा असतो : काटा नेमका केव्हा चढतो? सिग्नलला, रेल्वे फाटकापाशी किंवा घाटात चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने पुन्हा उतरत असेल, तर संशय पंख्यावर घेणे रास्त आहे. मोकळ्या रस्त्यावरही काटा चढत असेल तर पंखा बहुधा निर्दोष असतो. तेथे पाण्याची पातळी, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, चोंदलेला रेडिएटर किंवा गेलेले हेड गॅस्केट यांकडे पाहावे. या एका प्रश्नाने अनेक मोटारींची अनावश्यक खरेदी वाचते.

दुसरी पायरी पाण्याची पातळी. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. झाकणामुळे आत दाब राहतो व पाणी ११५ अंशांच्या पुढेही न उकळता राहू शकते. गरम इंजिनाचे झाकण उघडताच दाब उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि चेहरा व हात भाजतात. पातळी पाहण्यामागे आणखी एक कारण आहे, ते सहसा सांगितले जात नाही. पाणी कमी झाले की उष्णता-स्विचचे टोक पाण्याबाहेर, हवेच्या पोकळीत राहते. इंजिन उकळत असले तरी स्विचला ते नीट कळत नाही आणि पंखा सुरू होत नाही. म्हणजे गळती होजची आणि आळ पंख्यावर, असा प्रकार होतो.

पातळी योग्य असेल तर मोटारीची थेट परीक्षा करावी. मोटारीचे जोडपिन सोडून फ्यूज बसवलेल्या दोन जाड तारांनी तिला सरळ बॅटरीशी जोडावे. पंखा झटक्यात उठून जोमाने फिरला तर मोटार सामान्यतः ठीक आहे व बिघाड साखळीच्या दुसऱ्या कड्यात आहे. फिरला नाही, तर मोटारीच्या पाठीवर पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकावे. ठोकल्यावर सुरू होणारी मोटार म्हणजे झिजलेले किंवा अडकलेले कार्बन, हा ताडा क्वचितच चुकतो. हे करताना बोटे, साडीचा पदर, ओढणी, गळ्यातील उपरणे पात्यांपासून दूर हवे. काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो. म्हणून पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी.

मोटार ठीक निघाल्यास उष्णता-स्विचकडे वळावे. त्याच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडाव्यात व किल्ली चालू करावी. स्विचला एकच तार असेल तर ती इंजिनाच्या धातूला टेकवावी. पंखा फिरला तर स्विच मेला आहे. स्विचची खातरजमा घरीही होते, आणि हा प्रयोग विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहण्याजोगा आहे : सोडवलेल्या स्विचचे टोक पाण्याच्या पातेल्यात बुडवावे, पाणी तापवत न्यावे, शेजारी तापमापी ठेवावा आणि मल्टिमीटरने संपर्क कोणत्या अंशाला जुळतो व पाणी निवताना कोणत्या अंशाला सुटतो ते टिपावे. पातेल्याच्या तळाला स्विच टेकू देऊ नये.

इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणालीच्या गाड्यांत ही पद्धत वापरू नये. तेथे पंख्याचा निर्णय संगणक घेतो आणि पाण्यातील भाग हा स्विच नसून तापमान मोजणारा संवेदक असतो; त्याच्या तारा आपसात जोडल्याने चुकीचा संकेत जातो. अशा पुष्कळ गाड्यांत संवेदकाचे जोडपिन नुसते काढले तरी संगणक खबरदारी म्हणून पंखा चालू करतो, तेवढीच परीक्षा पुरे. वातानुकूलन असलेल्या ज्या गाड्यांत एकच पंखा दोन्ही कामे करतो, तेथे एसी चालू करून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी ठरते. एसीवर पंखा फिरतो आणि पाणी तापल्यावर फिरत नाही, तर मोटार दोषमुक्त आहे.

सर्वांत फसवा बिघाड असतो तो मंद फिरणाऱ्या पंख्याचा. पंखा फिरताना दिसतो, म्हणून कुणी संशय घेत नाही. येथे टेस्ट लॅम्प उपयोगी नाही. गंजलेल्या जोडातूनही छोटा दिवा लख्ख पेटतो, कारण तो मोटारीच्या मानाने नगण्य प्रवाह घेतो. मोजमाप पंखा चालू असतानाच झाले पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४ व्होल्ट मिळतात. मोटारीच्या दोन टोकांवर त्याहून अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा अधिक घट असू नये. समजा अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टपाशी केवळ ०.२ ओहम रोध आहे. १० ॲम्पिअर प्रवाहाला तेथे २ व्होल्ट गळतात. शिवाय त्या जागी २० वॅट उष्णता निर्माण होते. एवढी तर लहान सोल्डरिंग आयर्नची असते. रिलेचे किंवा जोडपिनाचे प्लास्टिक पिवळे पडून वितळलेले दिसते त्याचे कारण हेच. अर्थिंगचा बोल्ट काढून, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करून, पुन्हा घट्ट बसवणे ही बिनखर्चाची दुरुस्ती आहे आणि अनेक 'अशक्त' मोटारी तिने ताळ्यावर येतात.

मोटारीची दुरुस्ती

दोष मोटारीतच असल्याचे सिद्ध झाले तर ती काढावी. पंखा आणि त्याभोवतीचे आवरण एकत्र बाहेर येते. पात्यांचा नट काही मोटारींवर उलट्या आट्यांचा असतो. तो सैल होत नाही म्हणून जोर लावण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहून घ्यावी. नळकांडे आणि झाकण यांवर खूण करून ठेवावी, म्हणजे जुळवताना भाग फिरवून बसणार नाहीत. चुंबक ठिसूळ असतात, म्हणून नळकांड्यावर हातोडी चालवू नये. काही नव्या मोटारींची नळकांडी कडा दुमडून कायमची बंद केलेली असतात. त्या उघडण्याच्या भानगडीत न पडणे शहाणपणाचे.

कार्बन मूळ लांबीच्या निम्म्यापेक्षा कमी उरला असेल तर बदलावा. कार्बनची जोडी नव्या मोटारीच्या किमतीच्या अगदी लहान अंशात मिळते. मात्र आकार साधारण जमतो म्हणून दुसऱ्याच मोटारीचा कार्बन घासून बसवण्याची रीत बरी नाही. कठीण जातीचा कार्बन कॉम्युटेटरच खातो. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने गोलाकार पुसावा. एमरी कागद वापरू नये, त्याचे कण पट्ट्यांमधील खाचांत रुतून बसतात. खाचांतील कार्बनची पूड हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने अलगद खरवडून काढावी.

दोन्ही टोकांचे बुश सच्छिद्र कांस्याचे असतात आणि त्यांत तेल मुरवलेले असते. कोरडे पडले की किर्र असा आवाज येतो. पातळ यंत्रतेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. ग्रीस भरू नये; ते छिद्रांत मुरत नाही, वर उन्हाळ्यात पातळ होऊन कार्बनवर उतरते. शाफ्ट बुशात डुगडुगत असेल तर बुश बदलावाच लागतो, अन्यथा आर्मेचर चुंबकांना घासते.

आर्मेचरची तार जळली असल्यास ग्राऊलरवर तपासून पुन्हा वायंडिंग करता येते. खानदेशात विहिरींवरच्या पंपांमुळे वायंडिंगची दुकाने जागोजागी आहेत. परंतु पंपाची प्रत्यावर्ती प्रवाहाची मोटार आणि हे छोटे आर्मेचर यांचे काम वेगळे आहे. स्टार्टर आणि डायनॅमोची आर्मेचर भरणाऱ्या कारागिराकडेच ते द्यावे. लहान मोटारीच्या बाबतीत वायंडिंगपेक्षा नवी मोटार पुष्कळदा परवडते.

'डायरेक्ट' जोडणी आणि थर्मोस्टॅट काढणे

स्विच किंवा रिले बिघडल्यावर पंखा किल्लीवर 'डायरेक्ट' करून टाकणे हा खानदेशातच नव्हे, सर्वत्र आढळणारा उपाय आहे. घाटात अडकलेल्या कुटुंबाला घरी पोहोचवण्यासाठी तो योग्यच म्हटला पाहिजे. कायमचा उपाय म्हणून मात्र तो महाग पडतो. मोटार अखंड चालून कार्बन लवकर झिजतात, अल्टरनेटरवर सतत भार राहतो आणि हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास उशीर लागतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे ही जोडणी अनेकदा फ्यूज न घालता, बारीक तारेने केली जाते. मोटार अडकली की तार तापते, आवरण वितळते, आणि आग लागू शकते. डॅशबोर्डवर वेगळे बटण बसवायचेच असेल तर ते रिलेमार्फत आणि फ्यूजसह बसवावे व मूळ उष्णता-स्विच तसाच चालू ठेवावा. चालक बटण दाबायला विसरू शकतो.

'उन्हाळी मुलखात थर्मोस्टॅटची गरज नाही' या समजुतीने तो काढून टाकण्याची पद्धतही रूढ आहे. अडकून बसलेला थर्मोस्टॅट तात्पुरता काढणे समजण्यासारखे आहे. कायम काढल्यास इंजिन गार चालते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते. शिवाय ज्या गाड्यांत वळणमार्ग त्याच झडपेने बंद होतो, तेथे काही पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात शिरते. तापणारी गाडी अशा वेळी अधिकच तापते.

दुर्लक्षाचा परिणाम इंजिनाच्या हेडवर होतो. लहान गाड्यांचे हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असते. अति तापल्यास ते वाकते, गॅस्केट उडते, पाणी तेलात मिसळते. त्यानंतरचे हेड फेसिंग, गॅस्केट आणि मजुरी यांचा खर्च जुन्या गाडीच्या विक्रीमूल्याशी स्पर्धा करू लागतो. अनेक चांगल्या गाड्या याच टप्प्यावर भंगारात जातात. काटा लाल पट्ट्याकडे सरकताच एसी बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण उघडावा, गाडी सावलीत थांबवावी. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर थंड पाण्याची बादली ओतू नये.

पुन्हा जोडणी व तपासणी

मोटार परत बसवल्यानंतर दिशा तपासणे विसरू नये. तारा उलट जोडल्या गेल्या तर स्थायी चुंबकाची मोटार तितक्याच जोमाने उलटी फिरते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध हवा ढकलते. पंखा रेडिएटरच्या मागे असलेल्या गाडीत जाळीसमोर कागदाचा कपटा धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे, दूर उडता कामा नये. रेडिएटरचे पत्रे इंजिनाकडून समोरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. गाडी धुण्याच्या केंद्रावरील जोरकस फवाऱ्याने ते आडवे होतात व हवेची वाट कायमची बुजते. आत नळाचे किंवा बोअरचे पाणी न भरता शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण भरावे, आतील हवा बाहेर काढावी. मग गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे आणि पंखा किमान तीन वेळा आपोआप सुरू होऊन थांबेपर्यंत काट्यावर नजर ठेवावी. ही तपासणी होळीच्या आधी उरकलेली बरी; चैत्र लागल्यावर गॅरेजसमोर तापलेल्या गाड्यांची रांग असते.